काच पुसली, पण ओघळ राहिले...

पावसाळा सरतो, आश्विनातले स्वच्छ ऊन पडू लागते आणि घराघरांत दसरा-दिवाळीच्या साफसफाईची लगबग सुरू होते. माळ्यावरची भांडी खाली उतरतात, पंख्यांची पाती पुसली जातात, पडदे धुवायला निघतात आणि मग पाळी येते ती खिडक्यांची. चार महिने पाऊस आणि वाहनांचा धूर अंगावर झेललेली तावदाने साबणपाणी आणि फडके घेऊन निगुतीने पुसली जातात. सायंकाळी ती अगदी लख्ख दिसतात. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाची तिरीप काचेवर पडली, की आदल्या दिवशीच्या श्रमांवर पाणी फिरल्याचे लक्षात येते. आडवे-उभे पट्टे, पांढुरके ओघळ, वाळलेल्या थेंबांची वर्तुळे! पुन्हा पुसायला जावे तर पट्टे जात नाहीत, त्यांची केवळ जागा बदलते.

यावर उपाय म्हणून अलीकडे अनेक घरांत स्क्वीजी आली आहे. आडव्या पट्टीत बसवलेले रबरी पाते आणि त्याला एक मूठ, असे हे साधे अवजार. दुकानात 'काचेचा वायपर' म्हणून मागितले तरी तेच मिळते. व्यावसायिक सफाई कामगार हे अवजार लीलया चालवतो आणि त्याच्यामागे काच आरशासारखी स्वच्छ होत जाते. तीच स्क्वीजी आपण घरी चालवली, की मात्र पट्ट्यांची रांगोळी उमटते. दोष अवजाराचा नसतो. काचेवर पट्टे का उमटतात, हे ध्यानात न घेता ते वापरले जाते, एवढेच.

ओघळ म्हणजे नेमके काय?

काचेवर दिसणारा पट्टा हा पाण्याचा नसतो. पाणी उडून गेल्यानंतर मागे जे उरते त्याचा असतो. मागे उरणाऱ्या या ऐवजात तीन घटक असतात. पहिला म्हणजे पाण्यात मुळातच विरघळलेले क्षार, प्रामुख्याने कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे. दुसरा म्हणजे आपण घातलेला साबण. तिसरा म्हणजे काचेवरून सुटलेला, पण काचेवरून बाजूला न गेलेला मळ. फडक्याने काच पुसताना आपण हे तिन्ही घटक पाण्यासह काचभर पसरवतो आणि पाणी हवेवर सोडून देतो. पाणी जाते, बाकीचे राहते.

साधे गणित करून पाहू. समजा, एका लिटर पाण्यात ५०० मिलिग्रॅम क्षार विरघळलेले आहेत आणि एक चौरस मीटरच्या तावदानावर पुसल्यानंतर २० मिलिलिटर पाणी वाळायला राहिले. ते उडून गेल्यावर काचेवर १० मिलिग्रॅम क्षार उरतील. वजनाने ते चिमूटभरही नाहीत. परंतु पारदर्शक काचेवर, विशेषतः तिरप्या उन्हात, ते स्पष्ट दिसतात. आता तेच पाणी रबरी पात्याने निपटून काढले आणि काचेवर केवळ एक मिलिलिटर उरले, तर क्षारही अर्धा मिलिग्रॅमच उरतील. स्क्वीजीचे सारे मर्म या वजाबाकीत आहे. काच वाळवायची नाही, तर तिच्यावरचे पाणी वाळण्यापूर्वी काढून टाकायचे.

थेंब वाळल्यावर त्याचा ठिपका न राहता वर्तुळ का राहते, हाही प्रश्न अनेकांना पडत असेल. थेंबाची कड काचेला चिकटून राहते आणि कडेपाशी पाणी अधिक वेगाने उडते. ती तूट भरून काढण्यासाठी थेंबाच्या मध्यातले पाणी कडेकडे वाहू लागते आणि आपल्याबरोबर मळ तिकडे नेऊन सोडते. सांडलेल्या कॉफीच्या डागाची कड गडद का होते, याचा उलगडा करताना शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ साली हेच कारण दाखवून दिले. आपल्या खिडकीवरची पांढरी वर्तुळे त्याच जातीची.

पाणी कोणते वापराल?

शालेय पुस्तकात 'सुफेन' आणि 'दुष्फेन' पाणी आपण शिकलेलो असतो. ज्या पाण्यात साबणाला सहज फेस येतो ते सुफेन. ज्यात येत नाही ते दुष्फेन. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा अशा जलाशयांतून किंवा पुण्याला खडकवासल्याच्या साखळीतून येणारे पाणी हे मुख्यतः सह्याद्रीच्या पावसाचे साठवलेले पाणी असते आणि तुलनेने सुफेन असते. याउलट बोअरवेलचे पाणी बेसॉल्टच्या खडकांतून झिरपत येताना कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येते. उपनगरांतील कित्येक सोसायट्या बोअरवेलवर किंवा टँकरवर अवलंबून असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार पाण्याचा एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानला जातो आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतला जातो. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेले पाणीही काचेसाठी मात्र अयोग्य असू शकते.

नळाच्या तोटीवर पांढरा थर साचत असेल, तर आपले पाणी दुष्फेन आहे असे खुशाल समजावे. अशा घरांत पहिली धुणी नेहमीच्या पाण्याने करून शेवटचा हात तरी कमी क्षारांच्या पाण्याने द्यावा. असे पाणी शहरी घरांत दोन ठिकाणी सहज मिळते. एक म्हणजे आरओ यंत्रातून गाळून आलेले पाणी. दुसरे म्हणजे वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी. ते हवेतल्या बाष्पापासून बनलेले असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात. पिण्यासाठी ते मुळीच वापरू नये. काच पुसायला मात्र ते उत्तम.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी बादलीत साठवून फरशी पुसायला वापरण्याची चांगली सवय अनेक घरांना लागली आहे. परंतु गाळलेल्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार याच पाण्यात एकवटलेले असतात. ते काचेसाठी वापरणे म्हणजे पांढऱ्या डागांना आमंत्रण देणे होय.

साबण किती?

जितका फेस जास्त तितकी स्वच्छता जास्त, हा आपला लाडका समज. काचेच्या बाबतीत तो महागात पडतो. साबणाची कामे येथे दोन. चिकट मळ आणि तेलकटपणा सोडवणे हे पहिले आणि रबर काचेवरून अडखळू न देणे हे दुसरे. यासाठी चार-पाच लिटर पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवरूप साबणाचा एक लहान चमचा पुरेसा होतो. कपड्यांची पावडर वापरू नये. तिच्यातील सोडा आणि अन्य भर काचेवर पांढरट झाक सोडतात. वडीचा साबणही टाळावा. दुष्फेन पाण्यातील कॅल्शियमशी त्याचा संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो आणि तो काचेला चिकटतो.

स्वयंपाकघराच्या खिडकीला फोडणीच्या वाफेचा तेलकट थर असतो. तिथे साबण किंचित वाढवावा, परंतु नंतर साध्या पाण्याचा एक हात अवश्य द्यावा. काचेवर सौरप्रतिबंधक फिल्म चिकटवलेली असेल, तर अमोनियायुक्त द्रावणे टाळावीत. त्यांनी फिल्म खराब होते.

एका पात्याची गोष्ट

आज आपण वापरतो त्या स्क्वीजीचे श्रेय एत्तोरे स्टेकोने या इटालियन स्थलांतरिताकडे जाते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे खिडक्या पुसण्याचे काम करणाऱ्या या गृहस्थांच्या काळात वापरात असलेले अवजार जड पोलादी होते. त्याला दोन रबरी पाती असत आणि ती बदलायची तर अनेक स्क्रू सोडवावे लागत. स्टेकोने यांनी पितळेची हलकी पट्टी घेऊन तिच्यात एकच लवचीक, धारदार कडेचे रबरी पाते बसवले आणि १९३६ साली त्याचे पेटंट मिळवले. त्यानंतर जगभरातील व्यावसायिक स्क्वीजींचा मूळ आराखडा फारसा बदललेला नाही. रोज हाताने काम करणाऱ्या माणसाला अवजाराची अडचण जेवढी कळते तेवढी दुसऱ्या कोणाला कळत नाही, हेच खरे.

त्या आराखड्यातील महत्त्वाची गोष्ट म्हणजे पात्याची कड. ती चौकोनी आणि तीक्ष्ण असायला हवी. बोट फिरवून पाहिल्यास ती गोलावलेली किंवा खरखरीत लागली, तर पाते उलटून दुसरी कड वापरावी. दोन्ही कडा झिजल्यास रबर बदलावे. रबर स्वस्त असते, परंतु वर्षानुवर्षे तेच वापरले जाते आणि अपयशाचे खापर पाण्यावर फुटते. रबर धातूच्या पट्टीपेक्षा दोन्ही बाजूंना किंचित बाहेर आलेले असावे, म्हणजे धातू काचेच्या चौकटीला घासत नाही. काम संपल्यावर पाते पुसून, उन्हापासून दूर टांगून ठेवावे. कड टेकवून उभे ठेवल्यास रबर वाकते आणि वाकलेले रबर सरळ रेघ ओढू शकत नाही.

पुसण्याची रीत

वेळ सकाळची किंवा ढगाळ दिवसाची निवडावी. उन्हाने तापलेल्या काचेवर साबणपाणी पाते फिरवण्याआधीच वाळते आणि मग उरतात ते ओघळच.

सुरुवात काचेपासून करू नये. आधी डासांची जाळी, मग चौकट आणि सरकत्या खिडकीचा ट्रॅक कोरड्या ब्रशने झाडून घ्यावा. अन्यथा तिथली माती ओली होऊन नुकत्याच पुसलेल्या काचेवर येते. काचेवरची सुटी धूळही मऊ ब्रशने झटकावी. कोरड्या फडक्याने ती रगडू नये. धुळीतील वाळूचे कण काचेपेक्षा कठीण असतात आणि ते काचेवर बारीक चरे पाडतात. हे चरे पुढे कोणत्याही उपायाने जात नाहीत.

यानंतर स्पंज किंवा मऊ फडके साबणपाण्यात बुडवून संपूर्ण काच, अगदी कोपऱ्यांसह, भरपूर ओली करावी आणि हलक्या हाताने घासावी. मळ येथेच सुटायला हवा; पात्याचे काम मळ घासण्याचे नाही, तो पाण्यासह वाहून नेण्याचे आहे.

आता खरी युक्ती. पाते कोरड्या जागेवरून सुरू करायचे. काचेच्या वरच्या कडेला दोन-तीन सेंटिमीटर रुंदीची पट्टी फडक्याने कोरडी करून घ्यावी आणि पाते त्या पट्टीवर टेकवावे. ओल्या जागी पाते टेकवले, तर त्याच्या मागच्या बाजूला पाणी राहते आणि तेच पुढे ओघळते. काच आणि पाते यांत साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून, सर्वत्र सारखाच हलका दाब देत, वरून खाली न थांबता एक सलग हात मारावा. मध्येच थांबल्यास त्या ठिकाणी आडवी रेघ उमटते.

एक हात झाला, की पाते स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात. पात्यावर राहिलेले मळके पाणी पुढच्या हाताच्या आरंभी काचेवरच उतरते. दुसरा हात पहिल्यावर तीन-चार सेंटिमीटर चढवून मारावा आणि पाते किंचित तिरके धरावे, म्हणजे पाणी कोरड्या भागाकडे न जाता ओल्या भागाकडे ढकलले जाते. सारे हात संपल्यावर कडांना आणि खालच्या चौकटीत साचलेले पाणी धागे न सोडणाऱ्या फडक्याने टिपून घ्यावे. मधल्या भागावर फडके फिरवण्याचा मोह मात्र आवरावा. एखादी पुसट रेघ उरली असेल, तर ती बहुधा मिनिटभरात आपोआप नाहीशी होते.

रेघ पाहा, दोष ओळखा

एवढे करूनही पट्टे राहिलेच, तर ते कसे आहेत हे नीट पाहावे. पट्टाच आपला दोष सांगतो.

एकाच ठिकाणी प्रत्येक हातात बारीक उभी रेघ येत असेल, तर पात्याच्या कडेला खाच पडली आहे किंवा तिथे खडा अडकला आहे. दोन हातांच्या मध्ये रुंद ओला पट्टा राहत असेल, तर हात एकमेकांवर पुरेसे चढलेले नाहीत. शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या रेघा म्हणजे पाते थरथरत चालले आहे. साबण कमी पडला आहे, काच पुरेशी ओली नाही किंवा दाब जास्त होत आहे. संपूर्ण काचेवर धुरकट झाक असेल, तर साबण जास्त झाला आहे. तिरप्या उजेडात इंद्रधनुष्यी छटा दिसत असतील, तर तेलकटपणा शिल्लक आहे. काच वाळल्यावर काही वेळाने वरच्या कडेतून ओघळ उतरत असेल, तर रबरी गॅस्केटमध्ये पाणी साचले आहे. ते आधी टिपायला हवे होते. आणि पट्टे नेमके कोणत्या बाजूचे आहेत हे कळत नसेल, तर एक सोपा उपाय आहे. आतून उभे आणि बाहेरून आडवे हात मारावेत. रेघेच्या दिशेवरून बाजू कळते.

जुने पांढरे डाग

वर्षानुवर्षांच्या पाण्याचे पांढरे डाग साबणाने जात नाहीत. हे डाग मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असल्याने त्यांवर व्हिनेगर चालते. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात भिजवलेले फडके दहा मिनिटे डागावर चिकटवून ठेवावे आणि मग साध्या पाण्याने धुवावे. खिडकीची बैठक संगमरवरी असेल, तर ती आधी झाकून घ्यावी. संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो आणि व्हिनेगर त्यालाही खाते. संडास साफ करण्याचे तीव्र आम्ल वापरण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नये. त्याने ॲल्युमिनियमची चौकट खराब होते आणि त्याच्या वाफा डोळ्यांना व श्वसनाला अपायकारक असतात.

इमारतीच्या दुरुस्तीच्या वेळी काचेवर सिमेंटचे किंवा चुन्याचे पाणी ओघळले, तर ते त्याच दिवशी धुवावे. अशा अल्कधर्मी पाण्याने काचेचा पृष्ठभागच हळूहळू खरवडला जातो आणि तो डाग कायमचा राहतो. दुरुस्तीचे काम सुरू होण्यापूर्वी काचांवर प्लॅस्टिक लावून घेणे केव्हाही श्रेयस्कर.

राहता राहिली आपली जुनी रद्दी. ओल्या काचेवर वर्तमानपत्राचा बोळा फिरवण्याची आई-आजींची रीत अशास्त्रीय नव्हती. वर्तमानपत्राचा कागद पाणी शोषतो आणि सुती फडक्यासारखे धागे मागे सोडत नाही. लहान काचा आणि आरसे यांना ती रीत आजही उत्तम. पांढऱ्या चौकटीला शाई लागू नये, एवढे मात्र पाहावे.

खिडकीबाहेरचा हात

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आतापर्यंत सांगितलेले सारे काम खिडकीच्या आतल्या बाजूला निर्धोक आहे. परंतु मळ साचतो तो बाहेरच्या बाजूला आणि आपली घरे तर पाचव्या, दहाव्या, पंधराव्या मजल्यावर. अनेक इमारतींतील सरकत्या खिडक्यांची रचनाच अशी असते, की बाहेरची बाजू आतून हाताला लागत नाही. मग खिडकीच्या बैठकीवर चढून, एका हाताने चौकट धरून आणि दुसऱ्या हाताने फडके फिरवून ती पुसली जाते. ओली बैठक, साबणाचे पाणी आणि अनवाणी पाय! बहुतेक घरांत हे काम घरातली माणसे करत नाहीत. घरकामाला येणाऱ्या मावशींना किंवा ताईंना ते सांगितले जाते. त्याही 'नाही' म्हणत नाहीत, कारण तो नकार नोकरीवर बेतू शकतो, याची त्यांना धास्ती असते. दिवाळीच्या बोनसची वेळ आणि खिडक्या पुसण्याची वेळ एकच असते, हेही विसरून चालणार नाही.

सिंगापूरमध्ये परदेशातून आलेल्या घरकामगार महिला खिडक्या पुसताना पडून मृत्युमुखी पडू लागल्यावर तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाने २०१२ साली याबाबत नियम केला. खिडकीला ग्रिल असून ते कुलूपबंद असेल आणि मालक किंवा त्याने नेमलेली प्रौढ व्यक्ती समोर हजर असेल, तरच खिडकीची बाहेरची बाजू त्यांच्याकडून पुसून घेता येते. तळमजल्यावरच्या आणि सामायिक मार्गिकेकडे उघडणाऱ्या खिडक्या तेवढ्या यातून वगळल्या आहेत. आपण असा नियम होण्याची वाट कशाला पाहावी? आपल्या उंबरठ्याच्या आत तो आजच लागू करता येईल. मजल्यावरच्या घरात, पक्के ग्रिल नसलेल्या खिडकीच्या बैठकीवर कोणीही चढायचे नाही, ही ती एकच अट.

बाहेरच्या बाजूसाठी पर्याय आहेत. लांब दांड्याची, मान वळणारी स्क्वीजी ग्रिलच्या आत उभे राहून बरीच काच आवाक्यात आणते. काही सरकत्या खिडक्यांची तावदाने किंचित उचलून आत काढून घेता येतात. मात्र ती जड असतात, म्हणून ते काम दोघांनी आणि एकदा खिडकी बसवणाऱ्या कारागिराकडून शिकून मगच करावे. काचेच्या दोन्ही बाजूंना बसणारे चुंबकी पुसणेही मिळते. ते काचेच्या जाडीप्रमाणे निवडावे लागते आणि बाहेरच्या भागाची दोरी आत बांधूनच वापरावे, अन्यथा ते खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर पडू शकते. यांपैकी काहीच जमत नसेल, तर सोसायटीने वर्षातून एकदा दोरखंड आणि सुरक्षापट्टे वापरणाऱ्या प्रशिक्षित कामगारांकडून साऱ्या इमारतीच्या काचा पुसून घ्याव्यात. खर्च सर्वांत विभागला जातो आणि सभेच्या कार्यपत्रिकेवर हा विषय आणायला दसऱ्याआधी महिनाभराचा अवधी पुरेसा असतो.

आणि तेही न झाल्यास? बाहेरच्या बाजूला दोन ओघळ राहिले म्हणून दिवाळी अडत नाही. मात्र जी काच आपल्या हाताशी आहे, ती थोडा साबण, योग्य पाणी, धारदार पाते आणि प्रत्येक हातानंतर ते पुसण्याची शिस्त, एवढ्यावर निर्मळ ठेवता येते. मग सकाळचे ऊन तावदानावर पडले, तरी ते सरळ घरात येईल. काचेवर रेघा शोधत थांबणार नाही.